बॅटरी कोण खातंय?

मेंढरं घेऊन रानात गेलं की धोंडीबाचा मोबाईल रोज दुपारपासूनच बॅटरी संपत आल्याची ओरड करायचा, घराच्या दारात पोचताच मान टाकायचा आणि धोंडीबाचं डोकं फिरायचं. शेवटी वैतागून त्यानं चारठाण्याच्या मोबाईल दुकानात फोन काउंटरवर आपटला. "हरिओम, ही बॅटरी पार सडलीय. बदलून टाक!"

हरिओमनं सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी तपासली. "मामा, बॅटरी ठणठणीत हाय. तुमचं लोकेशन दिवसभर चालू राहतंय, ते चार्जिंग खायलंय. तुमी जिकडं जाल तिकडं तुमचा ठिपका घरच्या फोनवर सरकायलाय."

"म्हंजे बायको माझ्यावर पाळत ठिवायली? नातवंडं खेळवायच्या वयात?" धोंडीबाचा पारा चढला. "बंद कर आधी ते!"

दुसऱ्या दिवशी मेंढरं कोंडून तो घरी आला, तेव्हा फोनमध्ये अर्धी बॅटरी शिल्लक होती. आज केवळाबाईला चांगलंच फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच तो पाटावर बसला. एरवी तो लवकर येवो की उशिरा, तव्यावरची गरम भाकरी थेट त्याच्या ताटात पडायची. आज मात्र चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

"भाकर कुठाय?" तो खेकसला.


केवळाबाई घाईघाईनं काटक्या मोडत म्हणाली, "तुमचा ठिपका वढ्यापशी आला की मी तवा ठिवत असते. आज ठिपका दिसलाच न्हाई ओ."