हिल्काबाईंचा युक्तिवाद

"उत्तर बरोबर आहे, पण ते आलं कुठून?" असं म्हणत परीक्षक सिब्रेनने उत्तरपत्रिका टेबलावर पुढे सरकवली. वर लाल शाईत भलंमोठं शून्य होतं. हिल्काबाईंनी चष्मा पुसला, शून्याकडे पाहिलं, खालच्या आकृतीकडे पाहिलं, आणि काहीच बोलल्या नाहीत.

शेजारी बसलेला त्यांचा सहशिक्षक एतू घड्याळाकडे बघू लागला. शाळकरी मुलांच्या या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र स्पर्धेत पेपर तपासून झाले की प्रत्येक देशाच्या शिक्षकांना त्यांची प्रत मिळते, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकासमोर बसून गुणांसाठी भांडता येतं. एका प्रश्नाला पंधरा मिनिटं. मग घंटा होते आणि जे गुण असतील ते कायमचे. बाकीचे देश ही पंधरा मिनिटं अगदी पिळून काढतात. पलीकडच्या टेबलावर इटलीचे मास्तर उभे राहून हातवारे करत होते, आणि त्यांचा परीक्षक खुर्चीसकट मागे सरकत चालला होता.

फिनलंडची ख्याती वेगळी. हिल्काबाई अकरा वर्षं संघ घेऊन येत होत्या. दर वर्षी त्या गुण बघायच्या, धन्यवाद म्हणायच्या, सही करायच्या आणि कॉफी प्यायला जायच्या. परीक्षक त्यांच्यावर बेहद्द खूश असायचे. का नसतील?

पण या वर्षी तसं करून चालणार नव्हतं. केमिजार्वीसारख्या टीचभर गावातून आलेली इंका पदकाच्या अगदी दारात उभी होती. या प्रश्नाचे आठ गुण मिळाले तर पदक, नाहीतर प्रमाणपत्र आणि एक पेन. शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे पुन्हा संधी नाही. आत्ता ती बाकीच्या मुलांबरोबर कालव्यातल्या बोटीत बसली होती. परीक्षेपुरता काढून घेतलेला फोन कालच परत मिळाला होता, आणि दर पाच मिनिटांनी ती एतूला विचारत होती, काय झालं? एतूने फोन पालथा ठेवला.

स्वतः बोलायची त्याला फार खुमखुमी होती, पण तो पडला रसायनवाला. भौतिकशास्त्र त्याने शाळेत याच बाईंकडे शिकून तिथेच सोडून दिलं होतं. म्हणून सकाळी न्याहारीला त्याने बाईंना एक खणखणीत भाषण लिहून दिलं होतं. बाई, आज तरी भांडा, असं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून विनवलं होतं. बाईंनी चीजचा पाव खात मान हलवली होती. ते भाषण आता त्यांच्या पर्समध्ये होतं आणि पर्स बंद होती.

सिब्रेनने घसा खाकरला. प्रश्न साधा होता, तो म्हणाला. दोन तिरप्या भिंतींच्या मधे चेंडू ढकललाय, तो किती वेळा आपटून बाहेर येईल ते सांगायचं. आमच्याकडे त्याचं उत्तर दोन पानांचं आहे. या मुलीने चार ओळी लिहिल्यात आणि खाली केक काढलाय.

खरंच केकच दिसत होता. एकाला एक लागून सात तुकडे आणि त्यांच्यावरून सुरीने कापल्यासारखी एक सरळ रेघ.

बाईंनी कागद आडवा केला. मग उलटा केला. कपाळाला आठी घालून त्या आकृतीकडे बघत राहिल्या, आणि मग सिब्रेनच्या डोळ्यांकडे. तशाच. पापणीसुद्धा लवली नाही.

सिब्रेन डच माणूस, त्याला समोरचं कुणी गप्प बसलेलं सोसवेना. तो म्हणाला, आमचं म्हणणं उत्तर चुकलंय असं नाही. बाई गप्प. तो म्हणाला, तीनशे पेपर तपासलेत, एखाद्या वेळी नजर चुकते, नाही असं नाही. बाई गप्प. एतूने टेबलाखालून त्यांच्या बुटाला बूट लावला. बाईंनी पाय बाजूला घेतला. सहा मिनिटं गेली. नऊ गेली. सिब्रेनचे कान लाल झाले.

"बरं, पुन्हा बघू या," तो म्हणाला आणि पेन्सिल उचलून मोठ्याने समजावू लागला. हा पहिला तुकडा म्हणजे आपली खोली, इथून चेंडू निघाला. इथे भिंतीला आपटला, म्हणजे खरं तर वळायला हवा. पण ही रेघ वळतच नाही, सरळ पुढच्या तुकड्यात जाते. आणि हा पुढचा तुकडा म्हणजे... तो थांबला. पेन्सिल हवेतच राहिली.

"अरे देवा. चेंडू वळवायच्या ऐवजी पोरीने खोलीच वळवलीय!"

मग तो जो सुटला तो सुटलाच. भिंतीत आरसा आहे असं धरायचं, पलीकडे तीच खोली पुन्हा काढायची, तिच्या पलीकडे पुन्हा. चेंडू आपला नाकासमोर चालत राहतो. रेघेने जितक्या भिंती ओलांडल्या तितक्या वेळा तो आपटला. दोन पानांचं काम एका रेघेत! त्याने बाजूच्या टेबलावरच्या परीक्षकाला ओढून आणलं आणि त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाई एकेका शब्दाला मान डोलवत होत्या. घंटा झाली तेव्हा शून्यावर काट मारून सिब्रेन आठ लिहीत होता. बाईंनी धन्यवाद म्हटलं आणि सही केली.

दाराबाहेर एतूने आधी इंकाला निरोप धाडला आणि मग बाईंना कडकडून मिठी मारली. बाईंना हे असलं काही आवडत नाही, पण आज त्यांनी चालवून घेतलं. तेवढ्यात इटलीचे मास्तर घाम पुसत आले. त्यांना अर्धा गुण मिळाला होता. ते बाईंसमोर वाकून म्हणाले, हे गप्प बसण्याचं शस्त्र आम्हालाही शिकवा. बाई नुसत्या हसल्या आणि कॉफीच्या दिशेने निघाल्या.

एतू त्यांच्या मागे धावला. "पण बाई, कमाल केलीत. पंधरा मिनिटं एक शब्द नाही! त्याला स्वतःलाच शोधायला लावलंत. हे सगळं आधी ठरवलं होतंत ना?"

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाल्या,

"ठरवतेय कसली? कालपासून डोकं फोडून घेतेय, पण तिचा तो केक मलाच समजत नव्हता."