झडतीचे पैसे

विमानतळावर बायकांची झडती घेणं हे तिचं काम. पडद्याबाहेर, रांगेत दोघांची जुंपली होती.

"सुरक्षेचा खर्च आमच्या तिकिटातून का? सरकारने करावा!"

"म्हणजे शेवटी आपल्याच खिशातून ना!"

पडदा सरकला. समोर आई उभी होती. लेकीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून आईने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आईने दोन्ही हात पसरले. लेकीने नजर चुकवत तिचे खांदे, पाठ, कंबर कशीबशी चाचपली. "झालं. जाऊ शकता."

आईने पसरलेले हात खाली घेतले नाहीत.



"एवढ्यात झालं? तिकिटात पैसे भरलेत मी याचे. सावकाश तपास गं."