टेकडीवरची पहिली फेरी

“बसायचं नाही, ओढू द्यायचं,” हाल्दिस पुटपुटली. स्की-लिफ्टच्या तारेला लटकलेली आडवी दांडी मागून आली, तिच्या आणि ओडवारच्या मांड्यांमागे टेकली, आणि वरची तार ताणली गेली. पायांतल्या स्कींवर घसरत दोघं टेकडी चढू लागली. खाली बँड वाजत होता, अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं.

हे वाक्य हाल्दिसने एकतीस हिवाळे तिकिटांच्या खिडकीतून नवशिक्यांना ऐकवलं होतं. गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर, नजर वर. दांडी म्हणजे खुर्ची नव्हे. शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि शनिवार-रविवारी तिकिटं विकायची, त्यामुळे कुठलं बल कुठे लागतं हे तिला तोंडपाठ होतं. फक्त ती स्वतः आजवर कधी स्कीवर उभी राहिली नव्हती.

ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. हाल्दिस वाढली दूर समुद्रातल्या एका बेटावर, जिथे हिवाळाभर नुसता पाऊस पडतो. नोकरी लागून या डोंगराळ गावात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, “स्की तर करत असशीलच?” ती म्हणाली, “अर्थात.” नॉर्वेत या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. इथल्या पोरांना बुटाची नाडी बांधता येण्याआधी स्की बांधता येते. त्या एका शब्दानंतर कबुलीजबाबाला मुहूर्त काही सापडला नाही. खिडकी सोडून जाता येत नाही, ही सबब तर फारच छान चालली.

मग लिफ्टची मोटर जळाली आणि टेकडी अकरा वर्षं बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सगळ्यात जास्त पत्रं हाल्दिसने लिहिली. ओडवार लिफ्टचा जुना यंत्रवाला; त्याने मोटर उघडून पुन्हा जुळवली. उरलेलं सगळं गावाने श्रमदानातून केलं. खांब रंगवले, झुडपं तोडली, वॉफल भाजायची टपरी उभारली. शेवटच्या आठवड्यात उताराच्या पायथ्याशी गवताच्या गठ्ठ्यांची भलीथोरली भिंत रचली.

“एवढे कशाला?” हाल्दिसने तेव्हा विचारलं होतं.

“नियम आहे, बाई,” इंगविल म्हणाली. इंगविल टेकडीच्या समितीची अध्यक्ष आणि हाल्दिसची जुनी विद्यार्थिनी. खोटं बोलताना तिचे कान शाळेतही लाल व्हायचे. त्या दिवशीही झाले होते, पण हाल्दिसला वाटलं, थंडीने.

आणि आज सकाळी इंगविलने माइकवरून जाहीर केलं, की पहिली फेरी हाल्दिस आणि ओडवारची. नाही म्हणायला फटच राहिली नाही. हाल्दिसच्या मापाचे बूट कुठून तरी हजर झाले, कुणी तिच्या पायांना स्की लावल्या, कुणी डोक्यावर हेल्मेट चढवलं. इंगविलने हातात एक किल्ली कोंबली. “माथ्यावरच्या खोलीची. उंदीर झालेत का तेवढं बघून या, बाई.”

आता अर्धी टेकडी मागे पडली होती. हाल्दिसला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिने सांगितलेलं सगळं खरं होतं. गुडघे सैल ठेवले की दांडी खरंच ओढते. वर पोचल्यावर काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो चारशे मीटरवरून दोनशेवर आला होता. गावासमोर फजिती होण्याआधी निदान एका माणसाला सांगून टाकावं, असं तिने ठरवलं.

“ओडवार, एक सांगायचंय.”

“वर गेल्यावर सांग. मला हलवू नकोस.”

“मला स्की येत नाही.”

ओडवारने दांडी आणखी घट्ट धरली.

“मी तुझ्या भरवशावर चढलोय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“शाळेत स्कीच्या तासाला चिठ्ठी द्यायचो, गुडघा दुखतो म्हणून. तीच चिठ्ठी अजून चालू आहे.”

“अरे, बर्फ सपाट करायचं यंत्र तू रोज या उतारावर चालवायचास.”

“यंत्रात बसायला जागा असते.”

हाल्दिसला हसू आवरेना. दांडी डुचमळली. “हसू नकोस, सुटेल,” ओडवार म्हणाला आणि स्वतःच फिदीफिदी हसू लागला. “एवढ्या लोकांना वर पाठवलंस. खाली कसं येता, हे एकालाही विचारलं नाहीस?”

“ते आपापले यायचे.”

माथ्यावर त्यांनी दांडी सोडली. हाल्दिस शिस्तीत बर्फात बसली, ओडवार तिच्यावर बसला. हसता हसता त्यांनी एकमेकांच्या स्की काढल्या. मग हाल्दिसने खाली पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. उतार पार मोकळा होता. त्यांच्यामागून एकही माणूस वर आला नव्हता. स्वयंसेवकांची पिवळी जॅकेटं घातलेलं गाव दोन्ही कडांना रांगेत उभं होतं. बँडही थांबला होता.

“चालत उतरू,” ओडवार म्हणाला.

“सगळ्यांदेखत?”

“मग खोलीत लपू.”

तिने किल्ली लावली. आत उंदीर नव्हते. आत एक लांब, लाल, लाकडी घसरगाडी होती, दोघांना बसता येईल एवढी. पुढच्या फळीवर नावं कोरली होती: हाल्दिस, ओडवार. खाली साल होतं, अकरा वर्षांपूर्वीचं, मोटर जळाली त्या हिवाळ्याचं.

म्हणजे गावाला तेव्हापासूनच सगळं ठाऊक होतं. मग ओडवारने उकिडवं बसून गाडी वरून-खालून नीट तपासली.

“ब्रेक नाही,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे हाल्दिसला गवताच्या गठ्ठ्यांचा उलगडा झाला.