दिंद्रुडचा निरोप

मुलगी बघायला दिंद्रुडला जायचं ठरलं, तेव्हा माजलगावच्या रविराजनं नवे कपडे शिवले नाहीत. त्यानं गाडीला चकचकीत अलॉय चाकं, गुरगुरणारा सायलेन्सर आणि भारीतले स्पार्क प्लग बसवून घेतले. चहा-पोहे संपेपर्यंत गडी गाडीवरच बोलत राहिला. मुलीला, शिवकन्येला त्यानं एकच प्रश्न विचारला, "आवाज ऐकला का?"

निघताना मात्र गाडी आचके द्यायला लागली. रविराजला घाम फुटला. तेवढ्यात शिवकन्या वडिलांच्या ट्रॅक्टर गॅरेजमधून पाना घेऊन आली, त्याला बॉनेट उघडायला लावलं आणि एक प्लग आवळला.

"ढिला बसवलता. आता बगा."

गाडी मस्त गुरगुरली. वाटभर रविराज सोबत आलेल्या आईला सांगत होता, "लग्न करीन तर हिच्याशीच!"

तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा, बद्रीनाथरावांचा फोन आला. "पाहुणे, पोरीला लई पसंत हाय बगा."

रविराज जागेवरच उडाला. "मग साखरपुडा कधी धरायचा, मामा?"

 

"तुमी न्हाई हो, गाडी! विकायची आसंल तर आदी आमाला सांगा."