बुटातली जागा

चपलांच्या त्या थंडगार दुकानात अनवाणी माणसाला मज्जाव होता. मग चपला घ्यायला यायचं कुणी, हे मॅनेजरला विचारायची दारावरच्या रखवालदाराची छाती नव्हती.

त्या दुपारी त्याची मावशीच अनवाणी आली. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि रस्ता तव्यासारखा तापला होता. भाच्याचं दुकान जवळ आहे, या भरवशावर ती आली होती. लहानपणापासून तिनंच त्याला वाढवलं होतं.

"तुझी कोण रे ही?" मॅनेजरनं आतून विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"चुकून आले हो," मावशी म्हणाली आणि एकेक पाय उचलत उन्हात निघून गेली.

थोड्याच वेळात रखवालदाराच्या बुटांत दाटी व्हायला लागली. खडा असेल म्हणून त्यानं बूट काढून झटकले. काही पडलं नाही. पुन्हा पाय घातले, तर आतल्या कुणाच्या तरी बोटांनी अंग चोरून त्याला जागा करून दिली, बाकावर सज्जन माणसं देतात तशी.

संध्याकाळी तो घरी पोचला आणि बुटांसकट दारातच थबकला. मावशी पायांवर चादर ओढून शेंगा सोलत बसली होती.

"मावशी," तो म्हणाला. "पाय फार भाजले का गं?"

"भाजलेच असते. पण सावली मिळाली." तिनं मान वर केली नाही. "तू आधी ते बूट काढ बाळा, म्हणजे मला उठता येईल."