आपलं काम

“किती बारी रंधा मारू? फरशीला घासूनच राहिलंय हे दार!” पहिल्या मजल्यावरच्या लॅबच्या उंबऱ्यात बसून शिपाई गुंडप्पा पुटपुटत होता. “लाकूड फुगलं म्हणतेत. उन्हाळ्यात कुठं फुगतंय लाकूड? अन् म्हणं नवी बिल्डिंग!”

आत चंद्रप्रभा मॅडमचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात आधीच जाळ झाला होता. विद्यापीठानं यंदापासून सिव्हिलच्या प्रात्यक्षिकाची जर्नलं बंद करून ई-पोर्टफोलिओ आणला. स्वतः केलेल्या कामाचे फोटो चढवायचे, त्यावरच मार्क. पोरांनी सरळ इंटरनेटवरून फोटो उचलले. एकाच्या लातूरच्या साइटमागं तर चक्क नारळाची झाडं आणि समुद्र!

आणि हा अमरेश. शेवटच्या वर्षाचा. याचा फोटो एकच, पण खरा. अर्धवट बांधलेला खांब, कॉलम. सळयांभोवतीच्या रिंगांमध्ये वीतभराऐवजी हातहातभर अंतर. रिंगांची टोकं आत वळवायची, तर ती बाहेरच उघडी. खाली लिहिलेलं, ‘आपलं काम’.

“पास करून टाका हो,” विभागप्रमुख श्रीपाद सर चष्मा पुसत म्हणाले. “अमरेश, तो फोटो काढ, दुसरा चढव. विषय संपला.”

“फोटो काढल्यानं कॉलम सुधारतो का, सर?” मॅडम उसळल्या.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. समोर क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर डॉक्टर होऊ घातलेली पोरं ओळीनं हसत होती.

अमरेश मान खाली घालून उभा. नापास झाला तर लागलेली नोकरी जाणार, हे मॅडमना ठाऊक होतं. पोरगा गुणी, म्हणून तर राग जास्त.

“त्र्याण्णवच्या भूकंपात माझं माहेर गेलं,” त्या म्हणाल्या. “दगडमातीचं घर. आमच्या आबांना बिचाऱ्यांना काय कळत होतं? तुला तर चार वर्षं शिकवलंय! लोखंड घालून थडगं बांधायला शिकवलं का रे मी? भुईनं नुसतं अंग झटकलं तरी उकलेल हा. बापाला झोपवशील याच्याखाली?”

“न्हाई, मॅडम.”

“मग दुसऱ्याला कशाला?”

“मॅडम, लेकरू आहे, जाऊ द्या ना...” श्रीपाद सर घाईनं म्हणाले.

“का जाऊ द्या? नापासच करणार! आणि कुठं बांधलास ते सांग. तिथली माणसं आधी बाहेर काढायला लावते. आत्ताच्या आत्ता!”

अमरेशनं सरांकडं पाहिलं. सरांनी पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला. दारातला रंधा थांबला.

“मी न्हाई बांधला, मॅडम. पहिल्या वर्षाला होतो, तवा नुसता फोटो काढला,” अमरेश म्हणाला. “म्हणून तर ‘माझं’ न्हाई, ‘आपलं’ लिहिलंय. या लॅबच्या खालचाच कॉलम हाय तो.”