निखळलेला चिरा

भर वादळात बाकीचे खलाशी देवाला हाका मारत होते, तेव्हा लवूने कोणालाही न विचारता शिडाचा दोर कापला आणि गलबत वाचलं. तेव्हापासून मालवणात त्याचं नाव निघालं की लोक म्हणत, "लवू इचार करीत बसणा नाय."

पावसाळ्यासाठी गलबत किनाऱ्यावर ओढलं आणि लवू घरी आला. पहिल्याच दुपारी ओटीवरून अंगणात उतरायच्या पायरीचा चिरा निखळून तिथे खड्डा पडलेला त्याला दिसला. त्याची आंधळी आई काशीबाई आत झोपली होती. ती उठायच्या आत त्याने नवा चिरा बसवला, वर उभा राहून पाहिला. जराही हलत नव्हता.

तिन्हीसांजेला काशीबाई दिवा घेऊन तुळशीकडे निघाली. लवू समुद्रावर असताना कित्येक महिने त्या खड्ड्यात पाय टाकून उतरायची तिच्या पायांना सवय झाली होती. तिने नेहमीसारखा खोल पाय टाकला, तो मध्येच चिऱ्यावर आपटला आणि ती अंगणात कोसळली. खुबा मोडला. आता चालणं नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

"माका एक हाक मारूची होती रे," एवढंच ती म्हणाली.

इस्पितळातून तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पहारीचे घाव सुरू झाले.

"काय करतंस रे लवू?" तिने अंथरुणावरून विचारलं.

"चिरो काढतंय, आये. पायरी होती तशी करतंय."



"आता कोणासाठी रे?"